पाहुण्यांचा बाक

कृपानं मला नमस्कार केला.

दोन्ही हात जोडून, मान जराशी कलती करून, ओठ मिटून हसत. हे हसूही मीच तिला शिकवलेलं. दात दाखवायचे नाहीत. फार दात दिसले की नव्या माणसाला वाटतं, आपल्याला काहीतरी विकायला बसलेत. मी चर्चच्या पायरीवर उभी, हाताला मनकर्णा, आणि तोंडात आलेला सलाम तसाच अडकलेला. आमच्या लोकांत कुणी कुणाला नमस्कार करत नाही. सलाम म्हणतो. अंगणात सलाम, मयतीला सलाम, भांडण झालं तर तोंड फिरवून का होईना, पण सलाम. नमस्कार राखून ठेवलेला असतो तो बाहेरच्यांसाठी. कचेरीतल्या कारकुनासाठी, कापडबाजारातल्या मारवाड्यासाठी, आणि रविवारी आमच्या देवळात पहिल्यांदाच पाऊल टाकणाऱ्या पाहुण्यांसाठी. मी सलाम गिळला. भाकरीचा कोरडा तुकडा पाण्यावाचून गिळावा तसा तो छातीत कुठंतरी बसून राहिला.

"या बाई," कृपा म्हणाली. "पहिल्यांदाच येताय का?"

हिच्या लग्नात हिला साडी मी नेसवली होती. पहिल्या बाळंतपणात हिच्यासाठी डिंक मी कुटला. ताप आला की ही 'दयाताई, दयाताई' म्हणून बरळायची, असं तिचा नवराच सांगायचा. मला क्षणभर खरंच वाटलं, बाईच्या डोक्यावर परिणाम झाला की काय. मग पाहिलं, तिच्या पापण्या फडफडत होत्या. माझ्या खांद्याशी वाकून, ओठ न हलवता ती पुटपुटली, "ताई, पाया पडते, नव्या म्हणून आत या. हे नवे पाळकसाहेब सोलापूरकडचे, त्यांना काही ठाऊक नाही. गिदोनमास्तरांनीच सुचवलंय. म्हणजे कुणी तुम्हाला ते जुनं विचारणार नाही."

दारामागं खांबाला टेकून गिदोनमास्तर उभे होते. मंडळीचे पंच. केस पिकले होते, कोट तोच. त्यांनी माझ्याकडं न बघता छताकडं पाहिलं, जणू तिथं पाकोळ्यांनी घरटं केलंय का ते तपासत होते. म्हणजे हे ठरवून झालं होतं. मी येणार हे मनकर्णानं शाळेत सांगितलं असणार, शाळेतून ते मास्तरांकडं गेलं असणार, आणि मास्तरांनी दया केली. दया माझंच नाव. आईबापांनी बाप्तिस्म्याला ठेवलेलं. पण आपल्या नावाची वस्तू अशी कुणी पुढ्यात टाकली की हात पुढं करावा की मागं घ्यावा, ते कळत नाही.

मनकर्णानं माझा हात ओढला. "चल ना मावशी आत." तिच्यासाठीच मी आले होते. घरी शिवणाच्या मशीनवर बसले की पायाबरोबर माझं तोंडही चालायचं, आणि तोंडाला दुसरं काही येतच नव्हतं, देवळातली गाणीच यायची. पोरगी ती ऐकत मोठी झाली. परवा काजं करता करता म्हणाली, "मावशी, ही गाणी सगळी माणसं मिळून म्हणतात ती जागा मला दाखव की." बारा-तेरा वर्षांची पोर. लुगडी, नाणी, बाहुली काही मागत नाही, आणि मागते ते हे. काय सांगणार होते मी तिला? की त्या जागेवरून मला तुझ्यापायी उठवलंय?

"हो," मी कृपाला म्हणाले. "पहिल्यांदाच."

कृपानं आम्हाला पाहुण्यांच्या बाकावर बसवलं. बायकांच्या बाजूला शेवटून दुसरा, दाराच्या कडेचा. हा बाक मी निवडला होता. मंडळी तेव्हा नव्या माणसाला हौसेनं पार पुढं नेऊन बसवायची, आणि ते बिचारं पाळकांच्या थुंकीखाली बसून घामाघूम व्हायचं. पुढच्या रविवारी त्याचा पत्ता नसायचा. मीच म्हटलं, त्यांना दाराशी बसवा. पळून जावंसं वाटलं तर पळता येतं हे कळलं, की माणूस पळत नाही. अशा कितीतरी गोष्टी मी दारात उभी राहून शिकले होते, कुणी शिकवल्या नव्हत्या. नाव आधी विचारायचं नाही. गाव तर मुळीच विचारायचं नाही. गाव विचारलं की पाठोपाठ आडनाव आलं, आणि आडनाव आलं की आमच्या ख्रिस्ती बायकांच्याही भुवया बापाच्या बापापर्यंत जाऊन येतात. गाण्याचं पान काढून मगच पुस्तक हातात द्यायचं. वाचता येत नसलं तरी उघडं पान हातात असलं की माणूस उघडा पडत नाही. आणि उभं कधी राहायचं, बसायचं कधी, ते कळावं म्हणून पुढच्या बाकावर एक धिप्पाड बाई बसवायची. कृपानं सगळं तसंच केलं. पान काढून पुस्तक दिलं. आमच्या पुढ्यात बनुबाई, दळणाच्या पोत्यासारखी. मी त्या उघड्या पानाकडं बघत बसले. ते गाणं मला इतकं पाठ होतं की ते विसरायलाच मला पुस्तक लागलं असतं.

घंटा झाली आणि मी उठले. बनुबाई उठायच्या आधीच उठले. गुडघ्यांना कुणी सांगितलं नव्हतं आपण पाहुण्या आहोत म्हणून. चटकन खाली बसले, पुन्हा उठले. मनकर्णा माझ्याकडं बघून हसली. उजव्या हाताला, खिडकीपासचा तिसरा बाक, तो माझा. त्या खिडकीचा रंगीत तुकडा लढाईच्या दिवसांत लष्करी लॉऱ्यांच्या हादऱ्यानं निखळला होता, त्या जागी पत्रा मारलेला दिसला. हे माझ्यामागं झालं होतं. आपल्या घरात आपल्यामागं कुणी फडताळ हलवावं आणि आपण त्याला अडखळावं, तसं ते मला लागलं. बाकावर तिघी-चौघी दाटीवाटीनं बसलेल्या. त्यातल्या एकीचं झंपर मीच शिवलं होतं, रेशनवर मिळालेल्या कंट्रोलच्या कापडाचं. पाठीची शिवण उसवत आलेली इथून दिसत होती. शिवायला येतात त्या. मागच्या दारानं येतात, माप देतात, चहा घेतात. रविवारचं मात्र कुणी काढत नाही.

आणि हे सगळं एका कावळ्यापायी. सांगायला लागलं तर माणसं हसतील.

आक्का माझ्याहून बरीच थोरली. तिचं लग्न झालं आणि नंतर माझ्या बापानं घरदाराचा बाप्तिस्मा घेतला. एवढाच आमच्यातला फरक, लग्नाच्या तारखेचा. ती नेवाशाजवळ सासरी हिंदूच राहिली, मी नगरला मिशनच्या शाळेत बसले. ती गेली तेव्हा दहाव्याला मी गेले. बहीण होती, न जाऊन कसं चालेल? प्रवरेच्या काठी भाताचे पिंड मांडलेले, बाभळीवर कावळे रांगेनं बसलेले, आणि एकही खाली उतरायला तयार नाही. ऊन वर आलं. न्हावी कंटाळून वाळूत रेघा मारत बसला. बाया आपसांत कुजबुजत होत्या, काय राहिलं असंल गं मनात? आक्काचा नवरा भिमाजी पुढं झाला, हात जोडून म्हणाला, "कारभारणी, दुसरं लगीन करनार न्हाई. शप्पत." त्याबरोबर सगळ्यांत पुढचा कावळा उडाला आणि एक फांदी वर जाऊन बसला. बाया पदर तोंडाला लावून हसल्या. मीही हसले. आक्काही हसली असती. पाऊस संपायच्या आत त्यानं दुसरी आणलीच.

तर तिथं घाटावर आक्काची चुलतसासू चांगुणा, वाळल्या शेंगेसारखी म्हातारी, तिनं मला कोपरानं ढोसलं. "तू म्हन की गं. तुजीच वाट बगतीया ती. पोरीला मी बगंन म्हून म्हन."

"आमच्यात नसतं तसं, मामी."

"तुमच्यात नसंल. तिच्यात हाय न्हवं?"

शाळेत शिकलेली कुठलीच वचनं तिथं वाळूवर उभी राहिनात. मनकर्णा एवढीशी, नाक वाहतं, एका हातानं माझं लुगडं धरून उभी. बाभळीकडं तोंड करून, सगळ्या गावासमोर, लाजत लाजत मी म्हणाले, "आक्का, तुझी पोर मी नेते. मी सांभाळते. तू जा आता." आणि तो कावळा उतरला. माझा कावळ्यावर विश्वास नाही. तेव्हा नव्हता, आता नाही. भूक लागली असेल, वारा पडला असेल. पण तो उतरला तेव्हा माझ्या पोटात जे काही सैल झालं, ते मी खोटं म्हणणार नाही.

त्या घाटावर आमचा एक उपदेशक पलीकडच्या गावाला जायला थांबलेला होता. मी नगरला पोचायच्या आत माझा कावळा पोचला. पंचांनी बोलावलं. गिदोनमास्तर तेव्हाही दुसरीकडंच बघत बोलले होते, माझ्या डोक्यावरच्या भिंतीकडं.

"कावळा ऐकतो, असं तुम्हाला वाटतं?"

"नाही."

"मग बोललात कुणाशी?"

"आक्काशी."

"मेलेल्या माणसाशी?"

"मास्तर, माझ्यात नाही ते. तिच्यात होतं. तिच्या भाषेत तिला निरोप दिला."

"वाद नको. उपासनेत उभं राहायचं, माझी चूक झाली एवढं म्हणायचं, की संपलं. प्रभुभोजन सुरू, दारातली सेवा सुरू."

"चूक कुठली म्हणू? बोलले ती, का पोर आणली ती?"

"पोरीचं वेगळं. ती परोपकाराची गोष्ट."

वेगळं कसं काढायचं ते मला आजही कळलेलं नाही. शिवण उसवून दोन्ही तुकडे वेगळे करता येतात, पण मग ते झंपर राहत नाही. मी नाही म्हणाले. मग मंडळीनं मला शिस्तीखाली ठेवलं; अशा माणसानं मागं बसायचं, प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला समोरून जाताना खाली बघायचं. काही रविवार तेही केलं. मग एकदा प्याला माझ्यापुढून गेला आणि तो नेणारीनं तो अंगालगत धरून नेला, माझ्या लुगड्याला लागू नये असा. ती आमचीच होती. तिचा आजा आणि माझा आजा एकाच गावात वेशीबाहेर राहायचे, दोघांनाही पाणी वरून वाढलं जायचं. ते बघितल्यावर मी आले नाही.

"आज आपल्यामध्ये काही नवी मंडळी आहे," पाळकसाहेब म्हणाले. तरुण होते, गोल चेहऱ्याचे. "त्यांनी उभं राहून आपली ओळख द्यावी, अशी प्रेमाची विनंती."

ही उभं राहायची पद्धत माझ्यानंतरची. मी असते तर होऊ दिली नसती. पण मनकर्णा तोवर उभी राहिली होती, वेणीची रिबीन सावरत, शाळेत कविता म्हणायला उभं राहतात तशी ताठ.

"माझं नाव मनकर्णा भिमाजी. मी मराठी सहावीत आहे."

"शाबास. आणि बाळ, तुला इथं कुणी आणलं?"

"मावशीनं," ती म्हणाली. आणि पोरीला वाटलं एवढ्यानं पुरेसं होत नाही. तिनं मोठा श्वास घेतला. "माझी आई मेली ना, तेव्हा कावळा शिवत नव्हता. माझ्या बापानं शब्द दिला तरी शिवला न्हाई. सगळे थकले. मग मावशीनं शब्द दिला, पोरीला मी सांभाळीन म्हणून, आणि लगेच शिवला. म्हणून मी मावशीजवळ असते. म्हणून इथं आले."

ही गोष्ट तिला मीच सांगितली होती. झोपताना, पुन्हा पुन्हा, कारण तिला तीच लागायची. आईनं तिला कुणाच्या हाती दिलं त्याची तिच्याजवळ एवढीच खूण. देवळातले हातपंखे हलायचे थांबले. बनुबाईच्या मानेवरून घामाचा ओघळ पदरात शिरताना मला दिसला. कृपानं डोळे मिटले होते. पाळकसाहेब मात्र हेलावले होते. त्यांना वाटलं, काय निर्मळ साक्ष ही. "किती मोठं प्रेम," ते म्हणाले. "ती मावशी आली आहे का? बाई, उभ्या राहता का? तुम्ही कोणत्या मंडळीच्या?"

मी उभी राहिले. सगळ्या पाठी माझ्याकडं होत्या, एकही तोंड नव्हतं. ह्याच मंडळीची, असं म्हटलं असतं तर मास्तरांना छत सोडून खाली बघावं लागलं असतं. मग ते जुनं सगळं निघालं असतं, आणि ह्या पोरीच्या देखत, आत्ता ती जे छाती फुगवून बोलली तेच चूक होतं असं मला म्हणायला सांगितलं असतं. ती माझ्याकडं मान वर करून बघत होती.

"कुठलीच नाही, साहेब," मी म्हणाले. "पाहुणी आहे."

मग मंडळीनं आमच्यासाठी स्वागताचं गाणं म्हटलं. इतक्या जोरात ते गाणं मी कधी ऐकलं नव्हतं. सुटल्यासारखं म्हणत होते सगळे.

परतताना माळीवाड्यापर्यंत मनकर्णा ते स्वागताचं गाणं गुणगुणत होती. मग म्हणाली, "मावशी, तू पाहुणी का म्हणालीस? तुला तर पुस्तक न बघता येतं सगळं."

"पायाकडं बघून चाल," मी म्हणाले. "खडी आहे."

मंगळवारी कृपा घरी आली. येणारच होती. नव्या माणसाकडं सोमवारी जायचं नाही, घाई दिसते. बुधवारपर्यंत थांबायचं नाही, विसरल्यासारखं दिसतं. गेलं की आधी पाणी मागायचं. हे मात्र माझं स्वतःचं, फार आतून आलेलं होतं. आमच्या लोकांच्या घरात कुणी आपणहून पाणी मागत नाही. मागितलं की माणसाच्या चेहऱ्यावर काय उजेड पडतो, तो मी डोळ्यांनी पाहिलाय. कृपा उंबऱ्यात टेकली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "थोडं पाणी मिळेल का?"

मी तांब्या दिला. ती प्याली. मनकर्णा शाळेत होती, घरात मशीन आणि आम्ही दोघी. मला वाटलं, आता तरी ही हसेल किंवा रडेल.

"पुढचं वाक्य म्हण की," मी म्हणाले. "ते 'पुढच्या रविवारी तुमची जागा धरून ठेवते'."

"ताई, असं नका बोलू." तिनं तांब्या खाली ठेवला. "मी किती जणांच्या हातापाया पडले तुम्हाला ठाऊक नाही. तुम्ही नसताना त्या दारात उभं राहणं म्हणजे... लोक येतात ताई, एकदा येतात. परत येत नाहीत. मला ते जमत नाही."

तिच्या दंडावर हात ठेवावासा मला वाटला. ठेवलाही.

"मास्तर खूश आहेत," ती पुढं म्हणाली. "पोर गोड आहे म्हणतात. तिला रविवारच्या वर्गात घेऊ म्हणतात. फक्त..." तिनं दोऱ्याचं रीळ उचललं, गुंडाळलं, उलगडलं. "ते कावळ्याचं तिनं पुन्हा बोलू नये. तेवढं तुम्ही तिला समजवा. लहान आहे, विसरेल."

मी हात काढून घेतला. मला स्वतःला विसरायला मी तयार झाले होते, सगळ्यांसमोर उभी राहून. त्यात काय, बाई चाळिशी उलटली की अर्धी तशीही पुसलेली असते. पण ह्या पोरीनं आपली आई चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवायची, आणि ते तिला मी शिकवायचं. आक्काला एवढंच शेवटचं मिळालं होतं, कुणीतरी तिच्याशी बोललं ते. "पाणी आणखी हवं का?" मी विचारलं. कृपाला कळलं. ती उठली.

रविवारी मी मनकर्णाच्या केसांना तेल लावलं, घट्ट वेणी घातली. स्वतः दारातल्या सेवेची पांढरी साडी नेसले. कपाटात पिवळी पडली होती. दारात कृपा तीच, हसू तेच, हात जोडायला निघालेले.

"सलाम, कृपा," मी म्हणाले. मोठ्यानं. सायकली लावणाऱ्या पुरुषांनी वळून पाहिलं. तिचे हात अर्ध्यात थांबले. धड जोडले जाईनात, धड खाली येईनात. तिच्यामागं मास्तर होते. त्यांना ओलांडताना मी म्हणाले, "सलाम, मास्तर." त्यांनी छताकडं पाहिलं. पाहुण्यांचा बाक मागं पडला. मनकर्णाचा हात धरून मी मधल्या वाटेनं चालत गेले, खिडकीपासच्या तिसऱ्या बाकापाशी. मला ठाऊक होतं, आज उपासना संपली की मला बोलावतील, तेच विचारतील, मी तेच सांगेन, आणि मग ह्या पायऱ्या पुन्हा चढायच्या नाहीत. तोवर मला माझ्या जागेवर बसायचं होतं. ह्या पोरीला शेजारी घेऊन, पुस्तकावाचून.

बाकावरच्या बायकांनी मला पाहिलं. त्या सरकल्या. उसवलेल्या झंपरवाली सरकली, तिच्या पलीकडची सरकली, भिंतीकडची उठून पुढच्या बाकावर गेली, तिच्यामागं दुसरी गेली. पदर गोळा करून, गीतपुस्तकं उचलून, आवाज न करता सगळ्या गेल्या. मी दारात उभी असताना एवढी जागा कुणाही पाहुणीला कधी करून देऊ शकले नव्हते.

मनकर्णानं बसून बाकावर दोन्ही हात पसरले, पाय हलवले आणि माझ्या कानाशी लागून, खुशीत, आपल्या गावच्या बोलीत म्हणाली, "मावशे, बग की. केवढी जागा दिली आपल्याला!"